सहा प्रश्नचिन्हं

सिन्नरकरच्या स्क्रीनवर डावीकडची यादी खाली खाली जातच होती. माझ्या स्क्रीनवर ती मध्येच संपत होती. दोघांकडे सॉफ्टवेअर तेच, एकाच पेन ड्राइव्हवरून टाकलेलं. सर्व्हर तोच, आवृत्ती तीच. शेवटी मी बोट ठेवून मोजलं. त्याच्याकडे ९४ कॉम्पोनंट, माझ्याकडे ३७.

“ताई, रिफ्रेश करून बघा ना.”

सकाळपासून मी दुसरं काय करत होते?

सिन्नरकर हे त्याचं आडनाव नव्हे. रोज सिन्नरहून एसटीनं येतो म्हणून ऑफिसात सगळे त्याला तसंच म्हणतात. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण एपीआय गेटवेचं, म्हणजे अ‍ॅप आणि सर्व्हर यांच्या मधल्या फाटकाचं, काम माझ्या आधी शिकलेला. मी आजवर डेटाबेसच्या बाजूला होते आणि हे काम माझ्याकडे नव्यानं आलं होतं. लॅपटॉपही नवाच. तो २६ फेब्रुवारीला हातात पडला आणि दुसऱ्या दिवशी मराठी भाषा गौरव दिन. आदल्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळालेला, त्यात कुसुमाग्रजांचं हे गाव, त्यामुळे २०२५ ला ऑफिसात उत्साह जरा जास्तच होता. प्रत्येकानं त्या दिवशी काहीतरी मराठीत करायचं ठरलं. कुणी ईमेलखालची सही मराठीत केली, रिसेप्शनवरच्या मुलीनं ‘वॉशरूम’ची पाटी काढून ‘प्रसाधनगृह’ लावली (ती दोन दिवस टिकली), मीही माझ्या परीनं हातभार लावला. मग शनिवार-रविवार गेला, आणि ५ मार्चच्या बुधवारी मी हे सॉफ्टवेअर टाकलं.

काम होतं निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाउसचं. फेब्रुवारी-मार्च म्हणजे त्यांचा ऐन हंगाम. बागेतून माल येतो, प्रतवारी होते, प्रीकूलिंग होतं, पेट्या भरतात आणि कंटेनर न्हावाशेव्याला रवाना होतो. गाड्यांच्या ड्रायव्हरांसाठी एक मोबाइल अ‍ॅप होतं. ‘आता माझी गाडी लावू का?’ हा प्रश्न ते दर दोन सेकंदांनी सर्व्हरला विचारायचं. म्हणजे एका फोनकडून मिनिटाला तीस वेळा. ड्रायव्हरनं वैतागून अ‍ॅप बंद करून परत उघडलं की आणखी. चाळीस गाड्या रांगेत लागल्या की सर्व्हर मान टाकायचा आणि मग सगळ्यांच्याच गाड्या उभ्या. अ‍ॅप असं लिहिणारे आम्हीच, त्यामुळे कुणाच्या नावानं खडे फोडायचीही सोय नव्हती.

यावर उपाय म्हणजे मध्ये गेटवे बसवायचा. बाजार समितीच्या फाटकावर जसं होतं, तसंच. ट्रॅक्टर सरळ ओट्यावर जात नाही. आधी नोंद, मग वजनकाटा, आणि आत गर्दी असेल तर बाहेर थांबा. गेटवे आलेल्या प्रत्येक विनंतीला आधी ओळखपत्र विचारतो, आतला मजकूर ठरल्या साच्यात आहे का ते बघतो, आणि एकाच फोनकडून फार विनंत्या आल्या तर ४२९ हा आकडा देऊन परत पाठवतो. ४२९ म्हणजे ‘फार वेळा विचारलंत, जरा दमानं घ्या’. वेबच्या नियमावलीत हा आकडा २०१२ साली अधिकृतपणे आला.

हे सगळे नियम मांडायचे ते डेस्कटॉप क्लायंटमध्ये, म्हणजे आमच्या लॅपटॉपवर टाकलेल्या त्या सॉफ्टवेअरमध्ये. डावीकडच्या यादीतून एकेक कॉम्पोनंट, म्हणजे एकेका कामाचा तयार तुकडा, उचलायचा, मधल्या पॉलिसीत, म्हणजे नियमांच्या साखळीत, ठेवायचा, वरून खाली असा क्रम लावायचा. आणि माझ्या यादीत नेमके मला हवे तेच नव्हते. टोकन, म्हणजे ते ओळखपत्र, तपासणारा नाही. जेसनचा, म्हणजे विनंतीतल्या मजकुराचा, साचा तपासणारा नाही. विनंत्यांवर मर्यादा घालणारा, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तोही नाही. तुलना करा, फांदी फोडा, लॉगमध्ये लिहा, असली किरकोळ मंडळी तेवढी हजर.

सिन्नरकरनं अर्धवट करून ठेवलेली पॉलिसी मी माझ्याकडे उघडली, तर मधल्या चार ओळींवर करडी पट्टी आणि ‘अनोळखी कॉम्पोनंट’ असा शेरा. मी ती सेव्ह न करता बंद केली. आपल्याला न ओळखता येणाऱ्या वस्तूसकट फाइल सेव्ह केली, तर तो क्लायंट ती वस्तू जपून ठेवेल की गिळून टाकेल, हे चालू सर्व्हरवर करून बघायची माझी छाती नव्हती.

साहेबांना सगळं १९ मार्चच्या आत हवं होतं. बाहेरच्यांना हे कळत नाही, पण नाशकात धुळवड नावापुरती, खरा रंग रंगपंचमीला. जुन्या गावातल्या पेशवेकालीन रहाडी उघडतात, रंगाच्या पाण्यानं भरलेल्या हौदात लोक धप्पा मारतात, आणि त्या दिवशी ऑफिसात कुणी सापडत नाही. म्हणजे हातात पुरते दोन आठवडे.

पहिला संशय लायसन्सवर गेला. अशा सॉफ्टवेअरमध्ये काही कॉम्पोनंट वेगळे पैसे मोजल्यावरच मिळतात. माझं लॉगिन नवं, तेव्हा ते कमी दर्जाच्या लायसन्सला जोडलं गेलं असणार, असं मी मनाशी पक्कं केलं आणि साहेबांना तसं सांगूनही टाकलं. साहेबांनी लगेच पुरवठादाराला फोन लावून जरा आवाज चढवला. पलीकडून उत्तर आलं की लायसन्स सर्व्हरवर असतं, माणसागणिक नसतं. साहेब मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मग रोल. गेटवेमध्ये प्रत्येक वापरकर्त्याला भूमिका दिलेली असते. नुसता बघणारा, बदल करणारा, सगळं करणारा. कमी अधिकारवाल्याला कमी दिसणं शक्य होतं. सिन्नरकरनं मला सगळे अधिकार देऊन टाकले. ३७.

जी चाचणी पहिल्या पाच मिनिटांत करायला हवी होती, ती मी दुसऱ्या दिवशी जेवणानंतर केली. सिन्नरकरच्या मशीनवर माझ्या नावानं लॉगिन केलं. ९४. माझ्या मशीनवर त्याच्या नावानं केलं. ३७. एवढ्यानं सर्व्हर, लायसन्स, रोल, पासवर्ड, सगळे एका दमात सुटले. चोर माझ्याच लॅपटॉपात होता. आता कुणी असली तक्रार घेऊन आलं की मी आधी माणसांची अदलाबदल करायला सांगते, बाकीची चौकशी नंतर.

माझ्या लॅपटॉपात म्हणजे कुठे, हे मात्र पुढचे चार दिवस कळलं नाही.

जावावर संशय घ्यायला माझ्याकडे जुनं कारण होतं. क्लायंट जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला. सप्टेंबर २०१८ मध्ये जावा ११ आलं तेव्हा त्यातून एक्सएमएल हाताळणारी काही जुनी सामग्री काढून टाकली होती. तिच्यावर विसंबलेली जुनी साधनं जावा ८ वर ठणठणीत चालायची आणि ११ वर लंगडायची. एका बँकेच्या कामात मी यापायी दोन रात्री जागले आहे. त्यामुळे मी ८ टाकून बघितलं, ११ टाकून बघितलं, सिस्टिमला नेमकं कुठलं जावा सापडतंय तेही तपासलं. ३७ आणि ३७. हा आकडा मला स्वप्नात दिसायचा तेवढा राहिला होता.

अँटिव्हायरस थोडा वेळ बंद केला. फायरवॉलमध्ये पोर्ट बघितला. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ हे तर नवसासारखं असतं, कशालाही बोलायचं, तेही बोलून झालं. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. तीनदा. तिसऱ्यांदा टाकताना सिन्नरकर म्हणाला, “ताई, तेच बी पेरलं तर तेच उगवणार ना?” सिन्नरच्या माणसानं मला शेती शिकवावी! पण मुद्दा बरोबर होता.

सोमवारी जरा डोकं लावलं. मुळात हे कॉम्पोनंट येतात कुठून? मी धरून चालले होते की सगळे क्लायंटबरोबरच येतात. तसं नव्हतं. मूळ ३७ तेवढे क्लायंटच्या पोटात असतात. बाकीचे सर्व्हरवर. लॉगिन केलं की क्लायंट सर्व्हरला विचारतो, तुझ्याकडे काय काय आहे? सर्व्हर यादी देतो, आणि क्लायंट प्रत्येकाची जार फाइल (जावा प्रोग्रॅमचं गाठोडं) उतरवून घेऊन आपल्या कोठीत ठेवतो. पुढच्या खेपेला तिथूनच उचलतो. व्यवस्था चांगली आहे. सर्व्हरवर नवा कॉम्पोनंट टाकला की सगळ्यांच्या यादीत आपोआप दिसतो.

ती कोठी सिन्नरकरच्या मशीनवर त्याच्या यूजर फोल्डरमध्ये सापडली. सुरुवातीला टिंब असलेलं फोल्डर, आत ५७ जार फाइली. चौऱ्याण्णवातून सदतीस गेले, राहिले सत्तावन्न. माझ्या यूजर फोल्डरमध्ये ती कोठीच नव्हती. रिकामी असती तर गोष्ट वेगळी, पण तिचा पत्ताच नाही.

मला वाटलं, सुटलं कोडं. त्याचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं, माझ्याकडे त्याच जागी ठेवलं, क्लायंट उघडला. ३७.

इथं मी लॅपटॉप मिटला आणि खाली चहाला गेले. कोठी नव्हती म्हणून माल नव्हता, हे समजण्यासारखं होतं. पण कोठी आणून ठेवली, मालानं भरून ठेवली, तरी हा बाबा तिच्याकडे ढुंकून बघत नाही? म्हणजे तो बघतोय तरी कुठे?

मंगळवारी पुरवठादाराच्या मदतकक्षातल्या मुलीशी बोलणं झालं. आवाजावरून नुकतीच नोकरीला लागलेली वाटत होती, पण तिनं विचारलेला पहिलाच प्रश्न माझ्या आठवडाभराच्या सगळ्या उद्योगांपेक्षा कामाचा होता. “मॅडम, लॉगची पातळी काय ठेवलीय?” मी लॉग, म्हणजे क्लायंटची रोजनिशी, बघितला होता, नाही असं नाही. त्यात काहीच नव्हतं. पण तो फक्त गंभीर चुका लिहिणारा होता. जावाच्या लॉगमध्ये सात पायऱ्या असतात. ‘सिव्हियर’ सगळ्यांत वर, मग ‘वॉर्निंग’, ‘इन्फो’, आणि तसंच खाली ‘फायनेस्ट’पर्यंत. तिनं मला ‘फाइन’पर्यंत उतरायला सांगितलं. क्लायंट बंद केला, एका फाइलीत एक शब्द बदलला, परत उघडला, आणि लॉग धो धो वाहायला लागला. तेवढ्यात तिची शिफ्ट संपली.

त्या ढिगात एक ओळ सापडली. इशारा म्हणूनसुद्धा नाही, नुसती माहिती म्हणून लिहिलेली. कॅशे फोल्डर (म्हणजे ती कोठी) तयार करता आलं नाही, मूळ संचावर काम चालू ठेवत आहे. आणि पुढे फोल्डरचा मार्ग. सी ड्राइव्ह, यूजर्स, मग ‘??????’, मग ते टिंबाचं फोल्डर.

आधी माझा राग सांगते, कारण तो अजून गेलेला नाही. फोल्डर तयार होत नाही, तर तसं तोंडावर सांग ना! एक लाल खिडकी उघड, ठणाणा कर, चालायलाच नकार दे. मी पाच मिनिटांत कारण शोधलं असतं. पण अर्धी यादी साळसूदपणे मांडायची आणि ‘एवढंच आहे’ असा चेहरा करायचा, हा कुठला शहाणपणा? घरी कणीक संपली असेल तर संपली म्हणून सांगतात. पाहुण्याला अर्धीच पोळी वाढून गप्प बसत नाहीत.

तर ती प्रश्नचिन्हं. मला पहिल्यांदा वाटलं, हे गोपनीयतेसाठी असेल. पासवर्डच्या जागी टिंबं दिसतात, तसं यूजरचं नाव झाकलं असेल. सिन्नरकर म्हणाला, एखादा व्हेरिएबल भरलेला नसेल, म्हणून त्याच्या जागी काहीतरी आलंय. “पण मग सहाच का?” तो म्हणाला. “एक यावं, नाहीतर काहीच येऊ नये.”

सहा. मी टेबलावरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला सहा चिन्हं काढली. माझ्या नावात अक्षरं तीन. वै, शा, ली. तीन आणि सहाचा काही मेळ लागेना. मग हात आपोआप बाराखडीकडे गेला. व. वर दोन मात्रा. श. पुढे काना. ल. त्याला दुसरी वेलांटी.

सहा.

“अरे, हे माझं नाव आहे,” मी म्हणाले.

२७ फेब्रुवारीचा माझा हातभार हा होता. नव्या लॅपटॉपवर खातं उघडताना नावाच्या चौकटीत मी देवनागरीत ‘वैशाली’ लिहिलं होतं. ऑनलाइन खात्यानं उघडलं असतं तर विंडोजनं ईमेलची पहिली पाच अक्षरं घेऊन फोल्डर केलं असतं आणि हे रामायण घडलंच नसतं. पण मी लॅपटॉपपुरतं खातं उघडलं, आणि विंडोजनंही मुकाट्यानं देवनागरी नावाचं फोल्डर केलं. दहा-बारा दिवस मी त्यातच काम करत होते. वर्ड, एक्सेल, ब्राउझर, कुणाचीच कुरकुर नव्हती.

सिन्नरकरनं काळी कमांड खिडकी उघडून यूजर फोल्डरचा मार्ग छापून बघितला. तिथं प्रश्नचिन्हं नव्हती, चौकोन होते. “इथंही गेलंय,” तो म्हणाला. मी ते चौकोन कॉपी केले आणि नोटपॅडमध्ये चिकटवले. ‘वैशाली’ असं स्वच्छ उमटलं.

हा फरक मला वीस वर्षं मराठी टाइप करूनही कुणी सांगितला नव्हता. चौकोन दिसले तर अक्षर शाबूत असतं, फक्त त्या फॉन्टला ते काढता येत नाही. त्याला दुसरा फॉन्ट द्या, अक्षर परत येतं. प्रश्नचिन्ह दिसलं तर अक्षर गेलं. वाटेत कुणीतरी ते टाकून दिलं आणि त्या जागी खूण ठेवली. त्यातून मूळ अक्षर परत काढता येत नाही. चौकोनांनी घाबरायचं नाही, प्रश्नचिन्हांनी घाबरायचं.

मग माझं नाव वाटेत कुणी टाकलं? क्लायंट सुरू करणारी एक बॅच फाइल, म्हणजे आज्ञांची छोटी यादी, होती. तिच्यात एक ओळ अशी की यूजर फोल्डरचा मार्ग घे, त्याला टिंबाचं नाव जोड, आणि ते सगळं जावाला सुरू होताना सांग. बॅच फाइलपर्यंत माझं नाव सुखरूप होतं. पण जावा सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम विंडोजवर हे सांगणं जुन्या पद्धतीनं ऐकतो, विंडोजच्या ‘कोड पेज’मधून, म्हणजे अक्षरांच्या एका ठरलेल्या तक्त्यातून. आपल्याकडे इंग्रजी (इंडिया) ठेवलेल्या मशीनवर ते कोड पेज असतं १२५२. एकूण २५६ घरं, त्यांत इंग्रजी आणि पश्चिम युरोपातली अक्षरं. ग्रीकसाठी १२५३ आहे, हिब्रूसाठी १२५५, अरबीसाठी १२५६, थाईसाठी ८७४. देवनागरीसाठी असं कोड पेज विंडोजनं कधी केलंच नाही. आपली लिपी तिथं थेट युनिकोडमधूनच, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या एकत्रित तक्त्यातूनच, आली. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ घरांची वेगळी आळी आहे, आणि तिथं व्यंजनाला एक घर, मात्रेला दुसरं. म्हणून माझी तीन अक्षरं सहा झाली. १२५२ च्या दारात एकेकाला विचारलं गेलं, तुझं घर कुठलं? सहाही जण बेघर. सहा प्रश्नचिन्हं.

आणि दुर्दैव असं की विंडोजमध्ये फाइलीच्या नावात जी नऊ चिन्हं चालत नाहीत, त्यांत प्रश्नचिन्ह आहे. चालत असतं तर ‘??????’ नावाचं एक विचित्र फोल्डर तयार झालं असतं, त्यात ५७ फाइली बसल्या असत्या, आणि मला यातलं काहीच कळलं नसतं.

खात्री करायला मी दोन मिनिटांत ‘टेस्ट’ नावाचं रोमन खातं उघडलं. त्यातून क्लायंट सुरू केला. ९४. टोकनवाला हजर, साचा तपासणारा हजर, आणि मर्यादावाला तर ऐटीत बसलेला.

“झालं मग,” सिन्नरकर म्हणाला. “खात्याचं नाव बदलून टाका इंग्रजीत.” पण खात्याचं नाव बदललं तरी फोल्डरचं नाव बदलत नाही, ते पहिल्या दिवशी पडतं तेच राहतं. नव्या खात्यात सगळं हलवायचं तर अर्धा दिवस गेला असता. आणि खरं सांगू? नावावरून माझ्यावर माघार घ्यायची वेळ यावी, हे मनाला पटेना.

सिन्नरकरनं दुसरा मार्ग काढला, सगळ्यांत नवं जावा टाकायचा. मार्च २०२२ च्या जावा १८ पासून सगळीकडे यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड साठवायची पद्धत, आलंय ना? मी तो बदल नीट वाचला. तो फाइलींच्या आतल्या मजकुरासाठी आहे. सुरू होताना कानात सांगितलेल्या गोष्टी अजूनही जुन्याच दारानं येतात.

विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये आत खोलवर एक खूण आहे, सगळ्या जुन्या प्रोग्रॅमांनाही यूटीएफ-८ द्यायची. शेजारी ‘बीटा’ असं लिहिलेलं. मी ती खूण केली, लॅपटॉप परत सुरू केला. क्लायंट उघडायच्या आधी रोजच्या सवयीनं अकाउंट्सच्या काकांचा बिलांचा जुना प्रोग्रॅम उघडला, कारण महिन्याच्या नोंदी मीच त्यातून काढून देते. तो युनिकोडच्या आधीचा. त्यातली मराठी म्हणजे खरं तर १२५२ च्याच घरांत बसवलेल्या आकृत्या, वरून मराठी फॉन्टचं कातडं. खूण केल्याबरोबर सगळ्या नावांचं कडबोळं झालं. काका मागेच उभे होते. “वैशाली, अगं हे काय केलंस?” त्यांचा चेहरा बघून मी ताबडतोब खूण काढली. त्या खुणेनं क्लायंट चालला असता का, ते बघायचं राहूनच गेलं.

मग सोपं तेच केलं. बॅच फाइलीतली ती ओळ बदलली. यूजर फोल्डरचा मार्ग काढून टाकला, आणि सी ड्राइव्हवर थेट एक साधं रोमन नावाचं फोल्डर करून त्याचा मार्ग लिहिला. क्लायंट उघडला. खाली बारीक पट्टी सरकत राहिली, एकेक जार उतरत राहिली, आणि डावीकडची यादी खाली खाली जायला लागली. आम्ही दोघांनी मोजली नाही. मोजायची गरज नव्हती, पण सिन्नरकरनं नंतर हळूच मोजली.

तो बुधवार होता, १२ मार्च, म्हणजे होळीच्या आदला दिवस. एका ओळीच्या कामाला आठ दिवस. पुढचं काम मात्र सरळ झालं. एका फोनच्या विनंत्यांना मिनिटागणिक मर्यादा घातली. अ‍ॅपलाही ४२९ आला की थांबून, दर वेळी जरा जास्त थांबून, मग विचारायला शिकवलं. सोमवारी पॅकहाउसवर चालू केलं. पहिल्या संध्याकाळी तिथल्या सुपरवायझरचा फोन आला की अ‍ॅप हळू झालंय, ड्रायव्हर बोंबलतायत. मी म्हटलं, दादा, रांग सरकतेय ना? सरकतेय म्हणाले. मग असू द्या म्हटलं.

मदतकक्षाला मी सगळं सविस्तर लिहून पाठवलं. लॉगची ओळ, सहा चिन्हांचा हिशेब, बॅच फाइलीतली जागा, आणि ही एक विनंती की फोल्डर तयार झालं नाही तर निदान ते स्क्रीनवर दाखवा. उत्तर दोन दिवसांत आलं. यूजरचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवावं अशी शिफारस आहे. त्याखाली वेगळ्या ओळीत त्या मुलीनं लिहिलं होतं की तिनं स्वतःच्या मशीनवर स्वतःच्या नावाचं खातं उघडून बघितलं, तिच्याकडे पाच प्रश्नचिन्हं आली. सही इंग्रजीत होती. तिचं नाव बाराखडीत मांडून बघितलं, पाचच भरलं.

बॅच फाइलीत त्या ओळीच्या वर मी एक टीप लिहून ठेवली, पुढे कुणी ती ओळ परत ‘दुरुस्त’ करू नये म्हणून. मराठीत लिहिली. सेव्ह करताना घाईत यूटीएफ-८ चा तो प्रकार निवडला, ज्यात फाइलीच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट बसतात. दुसऱ्या दिवशी सिन्नरकरनं ती फाइल आपल्याकडे घेऊन चालवली, तर काळ्या खिडकीत पहिल्याच ओळीला तीन विचित्र अक्षरं आणि ‘ही आज्ञा ओळखता येत नाही’.

“ताई,” तो तिथूनच ओरडला, “परत?”

मी ते तीन बाइट काढून दिले. टीप मराठीतच आहे.